खिडकीतल्या आठवणी आणि एकशे चाळीस पावलं

वर्षातून दोनदा तरी हा लेख माझ्यापर्यंत येतो. लेखक दर वेळी वेगळा असतो, लेख मात्र तोच. कधी दिवाळी अंकात भेटतो, कधी रविवारच्या पुरवणीत, आणि आता बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर. विषय असतो ‘आमची बार्शी लाईट’. गाडी इतकी हळू जायची की उतरून चिंचा पाडाव्यात आणि पळत जाऊन पुन्हा डब्यात चढावं. डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि आई पदराच्या टोकानं काढायची. गार्ड सगळ्यांना नावानं ओळखायचा. शेवटी रूळ उखडले जातात, लेखकाचे डोळे भरून येतात, आणि शिट्टी अजून कानात घुमत असते. लाईन बदलली तर फक्त नावं बदलायची. यवतमाळकडचे शकुंतलेवर लिहितात, जळगावकडचे पाचोरा-जामनेरवर, वर्ध्याकडचे पुलगाव-आर्वीवर. चिंचा सगळीकडे त्याच.

हे लेख मी अनेक वर्षं आवडीनं वाचले, दोन-तीन पुढंही ढकलले. आता वाचवत नाहीत. माझं म्हणणं थोडं उद्धट आहे, पण मांडतोच. हे लेख ज्यांनी लिहिले त्यांनी ती गाडी पाहिलेलीच नाही. त्यांनी खिडकी पाहिली. आपलं जवळजवळ सगळं रेल्वे-स्मरण हे प्रवाशाचं, म्हणजे बसलेल्या माणसाचं स्मरण आहे. त्याला माप नाही, तारीख नाही आणि घाम नाही. ही गाडी खरोखर कुणाला आठवायची असेल, तर त्यानं लेख लिहायचा थांबवून आधी तिचं मॉडेल करायला घ्यावं. प्रमाणात आणि मोजून. करता नाही आलं तरी हरकत नाही. आपल्याला काय काय ठाऊक नाही एवढं तरी त्यातून कळेल.

मला ते तसंच कळलं. मी याच लाईनीवरच्या एका सांधेवाल्याचा मुलगा. माझं बालपण रेल्वेच्या चाळीत गेलं. स्टेशनचं नाव सांगत नाही, बार्शी आणि लातूरच्या मधलं एक, एवढं पुरे. निवृत्तीनंतर मोकळ्या झालेल्या खोलीत त्या स्टेशनचं मॉडेल करायचं ठरवलं. वही घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो. फलाट किती लांब होता? पाण्याची टाकी स्टेशनच्या कुठल्या अंगाला? मालधक्क्याची लाईन मुख्य लाईनीला कुठल्या बाजूनं मिळत होती? जिथं मी अठरा वर्षं राहिलो त्या जागेबद्दलच्या एकाही प्रश्नाचं मला खात्रीनं उत्तर देता येईना. चिंचेची झाडं मात्र तीन आठवत होती.

*

एक तुलना करू. थोडी बोचरी आहे, पण तिच्यातले दोन्ही पक्ष एकाच माणसाचे आहेत.

बार्शी लाईट रेल्वे उभी केली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचं तत्त्व साधं होतं. रूळ हलके असतील तर चालतील, पण कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, मग तो इंजिनाचा आस असो की मालडब्याचा. हे सिद्ध करायला त्यानं १८९४ साली इंग्लंडात लीड्सजवळ चाचणीसाठी रूळ टाकून गाड्या चालवून दाखवल्या. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा साधारण ३५ किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ साली लाईन पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. एकूण दोनशे मैलांच्या वर. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारनं ताब्यात घेतली आणि नव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. म्हणजे कुठला ना कुठला तुकडा शंभर वर्षांहून जास्त काळ चालू होता.

याच कॅलथ्रॉपनं बार्शीच्या अनुभवाच्या जोरावर इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात आणखी एक लाईन उभी केली, लीक अँड मॅनिफोल्ड. अंतर तेच, अडीच फूट. तत्त्वं तीच. इंजिनांचे मोठे दिवेसुद्धा हिंदुस्थानी वळणाचे. ती लाईन आठ मैलांच्या आसपास होती. तिच्यावर दोन इंजिनं आणि चार प्रवासी डबे. १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तीस वर्षं चाललेली, तोट्यातली, दूध वाहणारी गाडी.

आता बघा. त्या आठ मैलांवर पुस्तकं आहेत, नकाशे आहेत, दोन्ही इंजिनांची आणि डब्यांची मापासकट रेखाटनं आहेत. लोक घरोघरी त्या लाईनीची मॉडेलं करतात. ती बंद पडताना पाहिलेला माणूस आज क्वचितच कुणी जिवंत असेल, तरी तिथलं एखादं स्टेशन टेबलावर उभं करायचं तर साहित्य हाताशी आहे. आणि आपल्या दोनशे मैलांचं, शंभर वर्षांचं, लाखो वारकऱ्यांना आणि कापूस-शेंगांच्या पोत्यांना वाहून नेणाऱ्या लाईनीचं आपल्याकडं मराठीत काय आहे? चिंचा आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘त्यांच्याकडे पैसा होता, फुरसत होती.’ असेल. पण फलाट मोजायला टेप लागतो आणि एक दुपार लागते. आपल्याकडे दुपारी नव्हत्या असं मी तरी ऐकलेलं नाही. आपल्याला मोजायचं नव्हतं, कारण आपल्या हिशेबी मोजणं हे कारकुनाचं आणि गवंड्याचं काम, आणि आठवणं हे लेखकाचं. भांडण इथं आहे.

*

मॉडेल करायला बसलं की पहिला प्रश्न प्रमाणाचा येतो. जगभर सगळ्यात जास्त चालतं ते एकास सत्त्याऐंशी, ज्याला एचओ म्हणतात. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. साडेसोळाला सत्त्याऐंशीनं गुणा, १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचं गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६. ते या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरच्या थोडं वर जातं, आणि तसे तयार रूळ दुकानात मिळत नाहीत. त्यामुळे आपल्याकडचे हौशी लोक ‘भारतीय’ म्हणून जी गाडी चालवतात ती बहुतेक वेळा अरुंद रुळांवर उभी असते. धोतर नेसलेल्या माणसाला परदेशी बूट घालावेत तशी.

पण अडीच फुटी लाईनीचं नशीब बघा. ७६२ला सत्त्याऐंशीनं भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि नऊ मिलिमीटरचे रूळ जगात सर्वत्र मिळतात, कारण त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्या त्यावर चालतात. म्हणजे ज्या लाईनीला आपण गरिबाची, रडतखडत जाणारी म्हणून हसलो, तीच प्रमाणात सगळ्यात प्रामाणिकपणे करता येते. पाव मिलिमीटरचा काय तो फरक.

मग दुसरा धक्का बसतो. कुर्डुवाडी ते बार्शी हा ३५ किलोमीटरचा तुकडा या प्रमाणात केला तर चारशे मीटर जागा लागेल. माझ्याकडे खोली आहे दहा बाय अकरा. म्हणजे एकच स्टेशन, तेही आखडून. या आखडण्याला पर्याय नसतो. जगातला प्रत्येक मॉडेल करणारा ते करतो. यार्ड लहान करतो, वळणं खऱ्यापेक्षा कडक घेतो, दोन इमारतींमधलं शेत गाळतो. लेख लिहिणाराही गाळतोच. फरक एवढाच की लेखकाला आपण काय गाळलं ते कळत नाही. मॉडेलवाल्याला प्रत्येक गाळलेल्या इंचाचा हिशेब वहीत मांडावा लागतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. साल कुठलं? आठवणींच्या लेखात सगळी सालं एकाच दुपारी नांदतात. मॉडेलला तारीख लागते, कारण इंजिन कुठलं, भिंतीला रंग कुठला आणि दिवा रॉकेलचा की विजेचा हे तारखेवर ठरतं. आणि तारीख घेतली की इतिहास आपोआप आत शिरतो. सप्टेंबर १९४८च्या आधीचं साल घेतलंत तर ही लाईन वाटेत इंग्रजी मुलूख सोडून निजामाच्या मुलखात जाते. मग करोडगिरीचा नाका कुठं होता हे शोधायला हवं. फेब्रुवारी १९४१ घेतलंत, तर याच लाईनीवरच्या कसबे तडवळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरलेली आहे. त्या आठवड्यातलं स्टेशन करायचं तर दीड-दोन सेंटीमीटरची माणसं कुठं उभी करायची? पाण्याच्या माठापासून कोण किती अंतरावर? ‘गार्ड सगळ्यांना नावानं ओळखायचा’ हे वाक्य लिहून सुटता येत नाही. माणूस फळीवर कुठं तरी चिकटवावाच लागतो.

मी १९७३चा एप्रिल घेतला. वडील तेव्हा नोकरीत होते आणि मी शाळेत. साल ठरलं आणि पहिली गोष्ट झाली ती म्हणजे मागवलेलं हिरवं गवत वाया गेलं. मॉडेलसाठी बाहेरून येणारं सामान सगळं हिरवं असतं, इंग्लंडच्या पावसातलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या स्टेशनाभोवती हिरवं काही नव्हतं. काळी, भेगाळलेली माती होती, पानं ओरबाडलेल्या बाभळी होत्या, आणि दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग होते. पुढे रस्ता नव्हताच, नुसती खडी. माती मी शेतातलीच आणली, तव्यावर भाजली, चाळली आणि डिंकानं फळीला चिकटवली. हे करताना मला पहिल्यांदा उमजलं की माझ्या आठवणीत ते स्टेशन कायम हिरवंगार होतं. बहात्तर साल मी माझ्याच डोक्यातून पुसून टाकलं होतं. लेख लिहिला असता तर तोही हिरवाच झाला असता.

*

आता वडिलांकडे येतो. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दिसतं कमी, ऐकू बरं येतं. मॉडेलचा साचा पुठ्ठ्यात तयार झाल्यावर मी त्यांना खुर्चीवर बसवून दाखवला. त्यांनी स्टेशनावरून बोटं फिरवली आणि विचारलं, “हे काय?”

“फलाटावरचं छप्पर, दादा.”

“छप्पर? आरं, छप्पर कवा हुतं? पावसात आमी पोतं डोक्यावर घ्यायचो.” मग बोट खाली गेलं. “आन् फलाट येवढा उंच कशापायी केलास? जमीन आन् गाडी, एवढंच. म्हाताऱ्या बाया वर चढवायला खालनं दोन माणसं ढकलाय लागायची.”

मी छप्पर कुठून आणलं होतं? बहुधा एखाद्या सिनेमातून, नाही तर दुसऱ्याच कुठल्या स्टेशनावरून. पण मी शपथेवर सांगितलं असतं की ते होतं. त्याखाली उभं राहिल्याचंही मला आठवत होतं.

मग मी सहज विचारलं, “दादा, केबिनपासून सांधा किती लांब होता?” ते क्षणभरही थांबले नाहीत. “एकशे चाळीस पावलं. उताराकडचा. चढाकडचा एकशे पंच्याऐंशी.”

मी गप्पच झालो. नोकरी सुटून पंचवीस वर्षं उलटलेला हा माणूस. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही. पण रात्रपाळीला, हातात रॉकेलचा दिवा घेऊन, पावसात किंवा विंचूकाट्यात ते अंतर त्यांनी इतक्या वेळा कापलं होतं की ते पायांतच मुरलं होतं. पुढच्या महिनाभरात मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. सांध्याचा लिव्हर ओढायला कुठला पाय कशावर रोवायचा. टाकीची सोंड कुठल्या बाजूला गळायची आणि तिथं कुणाच्या म्हशी यायच्या. मालधक्क्यावर एका वेळी किती डबे लागायचे. हमाल पोतं घेऊन फळीवरून चढायचे ती फळी किती रुंद होती. हे सगळं मापात. मी ज्याला ‘आठवण’ म्हणत होतो तसलं त्यांच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं. गाडी सुंदर होती असं ते एकदाही म्हणाले नाहीत. शिट्टीबद्दल विचारलं तर म्हणाले, “शिट्टी झाली की उठाय लागायचं.”

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. प्रवाशाच्या आठवणीला माप नसतं. कामगाराच्या आठवणीला असतं. आणि आपण शंभर वर्षं फक्त प्रवाशालाच लिहायला लावलं आहे.

*

इथं कुणी म्हणेल, म्हणजे तुम्हाला मॉडेल रेल्वेच्या छंदाची भलामण करायची आहे. नाही. त्या छंदाशीही माझं भांडण आहे.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मी सुंदर मॉडेलं पाहिली आहेत. त्यांत बर्फ असतो, लाकडी घरं असतात, आल्प्सचे बोगदे असतात. करणाऱ्याच्या हातात कसब असतं, खर्च लाखांत असतो, आणि त्याच्या आजोळचं स्टेशन त्याच काळात पाडलं जात असतं. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाबद्दल मी बोलत नाही. तिथं पोरांचे डोळे मोठे होतात, ते व्हायलाच हवेत. मी बोलतोय त्या प्रौढ हौशी माणसांबद्दल, ज्यांना कपलिंग आणि सर्किट यांतलं सगळं कळतं आणि तरीही स्वतःच्या मुलखातला मालधक्का मॉडेल करण्याच्या लायकीचा वाटत नाही.

ज्यांच्याकडून आपण हा छंद घेतला त्या इंग्रजांचीही सरसकट आरती नको. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या शाखालाईनीचं शेवटचं स्टेशन हा तिथला इतका घासलेला विषय आहे की त्यांच्यातलेच लोक त्याची टर उडवतात. एक छोटं इंजिन, दोन डबे, दुधाचे कॅन, आणि कायमचा उन्हाळा. १९६३ साली बीचिंग यांचा अहवाल आला, हजारो मैल शाखालाईनी बंद करायच्या ठरल्या, आणि त्यानंतर टेबलावरचा तो उन्हाळा आणखीच गोड झाला. ती त्यांची चिंचच आहे, फक्त साडेसोळा मिलिमीटर रुळांवरची.

पण त्याच देशात पेंडनही आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण ऑस्ट्रेलियातून १९२५ साली तिकडे गेला. गवताच्या छपरांची जुनी घरं डोळ्यांदेखत बदलताना त्याला दिसली. त्यानं हळहळीचे लेख लिहिले नाहीत. एकेक घर मोजायला घेतलं आणि प्रमाणात बांधायला घेतलं. १९५४ साली ऑक्सफर्डशरमधल्या एका खेड्यात त्यानं बस्तान बसवलं आणि तिथं पुढे संग्रहालय उभं राहिलं. एका दरीतला, १९३०च्या आसपासचा मुलूख तिथं अजूनही बांधला जातोय. एकेका घरावर महिनोन्महिने जातात. घाई नाही, कारण माप घेऊन ठेवलेलं आहे. मला हा माणूस हवा आहे. त्याचा देश, त्याचा पाऊस, त्याची घरं नकोत. त्याचा टेप हवा.

*

‘वारसा जपायला सरकार आहे ना?’ असंही विचारतात. आहे. आपल्याकडं रेल्वेचा वारसा म्हणजे स्टेशनाबाहेर चबुतऱ्यावर ठेवलेलं इंजिन. त्याला दरवर्षी भडक रंग फासतात, भोवती साखळी, समोर सेल्फी. डबा नाही, रूळ बारा फुटांचे, पाणी कुठून घ्यायचं आणि राख कुठं टाकायची यातलं काही नाही. बैलाचं मुंडकं भिंतीला लावून त्याला शेती म्हणावं तसं ते आहे. जुन्या स्टेशनचे नकाशे पाहायला मिळतील का म्हणून मी एका कार्यालयात गेलो होतो. नाव घेत नाही. तीन खेपांनंतर एका भल्या माणसानं खासगीत सांगितलं, “साहेब, गेज बदललं तेव्हा जुनं ते सगळं स्क्रॅपमध्ये गेलं. कागदसुद्धा.” त्याचा दोष नाही. त्याच्यासाठी ती अडगळ होती. पण आपल्यापैकी कुणी तेव्हा जाऊन ‘तो गठ्ठा मला द्या’ म्हणालं का? आपण त्या दिवशी फलाटावर शेवटच्या गाडीला हार घालत होतो.

आणि हो, शेवटच्या गाडीवरून आठवलं. ‘छोटी गाडी परत आणा’ म्हणणाऱ्यांत मी नाही. हळव्या लोकांनी एप्रिल २०१६ आठवावा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्या, पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. मार्ग कुठला ते बघा. कॅलथ्रॉपच्या लाईनीचाच. एका टाकीत पन्नास टन पाणी. त्याच्या मूळ नियमाप्रमाणे चार आसांचा अख्खा डबा, मालासकट, वीस टनांच्या वर जाऊ शकत नव्हता. छोटी गाडी राहिली असती तर लातूर तहानेलं राहिलं असतं. जुनी लाईन उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, कधी गेलीच नाही. जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळालं ते ब्रॉडगेज झाल्यावर. म्हणून गाडी गेली याचं मला दुःख नाही. तिला जायलाच हवं होतं. ती बिनमोजणीची गेली याचा मला राग आहे.

*

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. बाकीचे फुटकळ आहेत.

पहिला : हा श्रीमंतांचा खेळ आहे. इंजिनाचा सांगाडा बाहेरून मागवावा लागतो, त्यावर जकात, वर मोटर बिघडली तर पुन्हा तेच. खरं आहे. पण इंजिन हा मॉडेलचा सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे. माझ्या स्टेशनात अजून इंजिन नाही. मालडबे आहेत, पुठ्ठ्याचे. मूळ डबा पंचवीस फुटी, म्हणजे माझा पावणेनऊ सेंटीमीटरचा. सहा डब्यांना खर्च आला तो दोन फाइलींच्या पुठ्ठ्याचा आणि एका फेव्हिकॉलच्या बाटलीचा. फळी सुताराकडची उरलेली. ज्याला इंजिन घेणं परवडत नाही त्यानं निव्वळ मालधक्का करावा. तोही नको असेल तर निव्वळ मापं घ्यावीत आणि वहीत लिहावीत. ते अर्धं मॉडेल झालं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या मुलीनं घेतला. ती म्हणाली, “बाबा, मॉडेलमध्ये आजोबांची झोप कुठं आहे? पगार कुठं आहे? तुम्ही अंतर मोजताय, त्रास नाही.” बरोबर आहे. मॉडेल गप्प असतं, स्वच्छ असतं, आणि वरून बघितलं जातं. साहेब बघतो तसं. वरून बघताना सगळंच गोजिरवाणं दिसतं, हमालसुद्धा. या गोजिरेपणापासून पूर्ण सुटका नाही. पण थोडी आहे, आणि ती मापातच आहे.

माझ्या आखडलेल्या आराखड्यात केबिन ते उताराकडचा सांधा हे अंतर साठ सेंटीमीटर झालं होतं. फळी तेवढीच होती. एकशे चाळीस पावलं म्हणजे साडेतीनशे फूट धरली, तर प्रमाणात ते सव्वा मीटरच्या आसपास येतं. म्हणजे वडिलांची चाल मी अर्ध्यावर आणली होती, माझ्या खोलीच्या सोयीसाठी. यार्ड आखडलं त्याचं वाईट वाटलं नव्हतं, चाळ दोन खोल्यांनी कमी केली त्याचंही नाही. पण हे काही केल्या पटेना. शेवटी सुताराला पुन्हा बोलावलं. फळीला दुसरी फळी जोडली, ती आता दारातून बाहेर पॅसेजमध्ये येते. दार पूर्ण लागत नाही. बायको रोज ठेचकाळते आणि रोज बोलते. त्या लांबलेल्या तुकड्यावर काहीच नाही. एक रूळ, काळी माती, आणि टोकाला सांध्याचा लिव्हर. पाहुण्यांना तो भाग रिकामा वाटतो. “इथं एखादं झाड लावा की,” असं सुचवतात. लावणार नाही. तिथं झाड नव्हतं. तिथं रात्री दिवा घेऊन जाणारा एक माणूस होता, आणि त्याला सावली नव्हती हे दाखवायचं तर झाड न लावणं एवढंच माझ्या हातात आहे.

मुलीच्या आक्षेपाचं हे पुरतं उत्तर नाही हे मला ठाऊक आहे. पण ‘कष्टाळू रेल्वे कर्मचारी’ या दोन शब्दांपेक्षा ते सव्वा मीटर जास्त खरं आहे.

*

म्हणून सांगणं एवढंच. तुमच्या गावची लाईन बंद झाली असेल, रूळ गेले असतील, तरी अजून काही ना काही उभं असतं. टाकीचा चौथरा, पुलाची मोरी, चाळीची एक भिंत, मालधक्क्याचा दगडी कठडा. पुढच्या वेळी जाल तेव्हा सेल्फी नंतर काढा. आधी टेप काढा. लांबी, रुंदी, उंची. दगडाचा थर किती इंचाचा, दारं किती, कुठल्या दिशेला. फोटो काढताना शेजारी काठी उभी करा आणि काठीची लांबी लिहून ठेवा. मग गावात त्या लाईनीवर काम केलेलं कोण जिवंत आहे ते शोधा. स्टेशनमास्तर नव्हे. तो शोधावा लागत नाही, त्याचा सत्कार झालेला असतो. सांधेवाला, गँगमन, फाटकवाला, हमाल. त्यांना ‘कसं वाटायचं’ असं विचारू नका. किती पावलं, किती वजन, किती वाजता, असं विचारा. बाकीचं ते आपण होऊन सांगतात किंवा सांगत नाहीत.

आमच्या स्टेशनच्या मालधक्क्याची जागा माझ्या फळीवर अजून पेन्सिलीनं आखलेलीच आहे. वडिलांचं काम तिकडं नसे, त्यामुळे मागच्या भिंतीला दारं दोन होती की तीन हे त्यांना सांगता येत नाही. ती इमारत मी बघायला जाण्याच्या आधीच्याच पावसाळ्यात पाडली गेली. त्या काळचे हमाल कुणी सापडले नाहीत. दोन दारं करून टाकता येतील, कुणालाही कळणार नाही. पण अजून केलेली नाहीत.